अंदाज ऐकावा, विहीर मोजावी : लांबलेल्या उन्हाळ्यासाठी एक अभ्यासपाठ



उन्हाळा लांबला आणि ऊन बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर मुक्कामाला बसले, की गट कार्यालयात एकच प्रश्न कानावर येतो : "साहेब, पाऊस कधी म्हणतायत?" प्रश्न रास्त आहे. उभा ऊस डोळ्यांदेखत करपू लागला म्हणजे माणूस आभाळाकडे बघणारच. परंतु या एका प्रश्नात खरे तर तीन प्रश्न दडलेले असतात. या आठवड्यात पाणी द्यावे की दोन दिवस थांबावे? आहे त्या पाण्यात पुढचे महिना-दीड महिना कोणता प्लॉट जगवावा? आणि जुलैत आडसाली लागण धरावी की नाही? या तिन्हींची उत्तरे एका अंदाजात नसतात. हवामान खाते तीन वेगवेगळ्या मुदतीचे अंदाज देते आणि आपण ते एकाच मापाने मोजतो. तेथेच घोटाळा होतो. म्हणून या अंकातील पाठ हवामानाचा अंदाज कसा वाचावा आणि त्याची सांगड आपल्या विहिरीशी कशी घालावी, यावर दिला आहे.

१. उष्णतेची लाट कशास म्हणावे

बोलताना आपण कोणत्याही कडक उन्हाला लाट म्हणतो. हवामान खात्याची व्याख्या मात्र काटेकोर आहे. सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस झाले पाहिजे, आणि ते त्या ठिकाणच्या त्या दिवसांतील सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त असले पाहिजे. तसे झाल्यास उष्णतेची लाट. ६.४ पेक्षा जास्त फरक पडला तर तीव्र लाट. सरासरी काहीही असो, पारा ४५ ला पोचला तर लाट आणि ४७ ला पोचला तर तीव्र लाट मानतात. समुद्रकाठी ही मर्यादा ४० ऐवजी ३७ अंशांची आहे. शिवाय ही स्थिती हवामान उपविभागातील किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस राहिली, की दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. महाराष्ट्रात असे चार उपविभाग धरतात : कोकण (गोव्यासह), मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. भीमा खोऱ्यातील आपली गावे मध्य महाराष्ट्रात मोडतात.

आता यातली गोम ध्यानी घ्या. समजा एखाद्या ठिकाणची सरासरी ४० अंश आहे. तेथे पंधरा दिवस रोज ४३ अंश तापले तरी फरक तीनच अंशांचा, म्हणजे सरकारी भाषेत लाट नाहीच. परंतु उसाला सरासरी कळत नाही. पारा ३८ अंशांच्या पुढे गेला की पानांचे अन्न तयार करण्याचे काम मंदावते, श्वसनात खर्च वाढतो आणि मुळांनी ओढलेले पाणी पानांना पुरेनासे होते. म्हणून दोन दिवसांच्या जाहीर लाटेपेक्षा पंधरा दिवसांची न जाहीर झालेली तलखी पिकाला जास्त महागात पडू शकते. "लाट ओसरली" एवढे ऐकून पाण्याची पाळी लांबवू नये. रोजचा आकडा किती दिवस चाळिशीच्या वर राहणार, ते पाहावे.

आणखी एक गोष्ट. खात्याचे तापमान सावलीतले असते. पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर तापमापक ठेवून ते मोजतात. आपल्या उघड्या सरीतली माती त्याहून कितीतरी जास्त तापते. म्हणूनच जमिनीवर पाचटाचे आच्छादन आहे की नाही, यावर एवढा फरक पडतो.

२. ऊन ठाण मांडून का बसते

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आपल्या भागात सूर्य ऐन माध्यान्ही डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. आभाळ निरभ्र, दिवस मोठा. त्यातच वरच्या थरात हवेचा जास्त दाब तयार झाला, की वरची हवा खाली दबत येते. दबलेली हवा तापते आणि ढग धरू देत नाही. वारा वायव्येकडून, राजस्थान-गुजरातच्या तापलेल्या भागावरून आला, तर तो कोरडा असतो. ही स्थिती हलली नाही, की ऊन रोज आदल्या दिवसावर चढते.

याला जमिनीची साथ मिळते. मातीचा माठ पाझरतो म्हणून पाणी थंड राहते. पाझर थांबला की तोच माठ तापतो. शिवाराचेही तसेच आहे. जमिनीत ओल असेल तर उन्हाचा बराचसा जोर पाण्याची वाफ करण्यात खर्च होतो. आदल्या वर्षी पाऊस कमी झाला असेल, तळी-ओढे आटले असतील, तर ती ओलच नसते. मग सगळे ऊन माती आणि हवा तापवते. म्हणून अवर्षणानंतरचा उन्हाळा नुसता कोरडाच नसतो, तर जास्त तापलेलाही असतो. पाऊस कमी पडलेल्या सालीच विहिरीत पाणी कमी आणि त्याच साली पिकाची तहान जास्त, असा हा दुहेरी फटका आहे.

३. अंदाजाच्या तीन मुदती

पहिला अंदाज चार-सहा दिवसांचा. तो रोज निघतो आणि जिल्हावार असतो. त्यासोबत रंग असतात : हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे तातडीने कृती करा. पहिल्या दोन-तीन दिवसांचा भरवसा जास्त, पुढे तो कमी होत जातो. पाणी केव्हा द्यावे, फवारणी आज घ्यावी की परवा, मजूर किती वाजता लावावेत, एवढे निर्णय या अंदाजावर घ्यावेत. दर मंगळवारी व शुक्रवारी निघणारी कृषी हवामान सल्ला पत्रिकाही याच कामाची आहे.

दुसरा अंदाज दोन ते चार आठवड्यांचा. तो दर गुरुवारी निघतो. त्यात तुमच्या गावचा आकडा नसतो. उपविभागात तापमान सरासरीच्या वर राहील की खाली, पाऊस जास्त होईल की कमी, असा कल असतो. आहे ते पाणी कोणत्या प्लॉटला वाटून द्यायचे, हे ठरविण्यास तो उपयोगी पडतो.

तिसरा अंदाज हंगामाचा. एप्रिल ते जून या महिन्यांत ऊन कसे राहील हे मार्चअखेर-एप्रिलच्या आरंभी सांगतात. जून ते सप्टेंबरच्या पावसाचा पहिला अंदाज एप्रिलच्या मध्यास येतो आणि सुधारित अंदाज मेअखेर. हा अंदाज मोठ्या प्रदेशाचा आणि शक्यतेच्या भाषेत असतो. "पाऊस सरासरीपेक्षा जास्त होण्याची शक्यता ६० टक्के" याचा अर्थ, अशा दहा सालांतील चार साली तसे न होण्याचीही शक्यता आहे. तो ऐकून खताची, बेण्याची, कर्जाची तयारी करावी. विहिरीतले पाणी मात्र त्याच्या भरवशावर खर्च करू नये.

थोडक्यात नियम असा, की अंदाजाची मुदत जेवढी लांब, तेवढा त्याचा प्रदेश मोठा आणि तेवढी त्याची खात्री कमी. मोबाईलवर गावाच्या नावापुढे दहा-पंधरा दिवसांचे आकडे दिसतात. ते गावात कोणी मोजलेले नसतात, गणिताने काढलेले असतात. पहिले तीन दिवस वाचावेत, पुढच्यांवर शेत पणाला लावू नये.

४. २०२४ चा उन्हाळा काय शिकवितो

उदाहरण दूरचे नको, आपल्याच खोऱ्याचे घेऊ. २०२३ साली प्रशांत महासागरात एल निनो होता. देशाचा त्या वर्षीचा मान्सून सरासरीच्या ९४ टक्के झाला. आकडा फार वाईट वाटत नाही. परंतु ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या साली उजनी भरले नाही आणि उन्हाळा लागण्याआधीच धरणाचा उपयुक्त साठा संपला. (एल निनो म्हटला की दुष्काळ ठरलेलाच, असेही समजू नये. १९९७ साली एल निनो अतिशय प्रबळ होता, तरी देशाचा पाऊस सरासरीइतका झाला.)

१ एप्रिल २०२४ रोजी हवामान खात्याने एप्रिल ते जूनचा अंदाज दिला. अनेक भागांत उष्णतेच्या लाटेचे दिवस नेहमीच्या चार ते आठऐवजी दहा ते वीस राहू शकतात, असे त्यात सांगितले होते. जास्त झळ बसेल अशा भागांत मध्य महाराष्ट्राचे नाव होते. पाठोपाठ १५ एप्रिलला पावसाचा अंदाज आला : देशात सरासरीच्या १०६ टक्के, पाच टक्के कमी-अधिक. देशाची ही सरासरी ८७ सेंटिमीटरची.

पुढे काय झाले? मान्सून ३० मे रोजी केरळात पोचला, ६ जूनला सोलापूरपर्यंत आला आणि हंगामाअखेर देशाचा पाऊस १०८ टक्के भरला. म्हणजे अंदाज खोटा ठरला नाही. तरीही त्या मे महिन्यात १०६ या आकड्याने कोणाच्या विहिरीत एक घागर पाणी वाढले नाही. त्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला होता.

उणे म्हणजे काय, हेही समजून घेऊ. उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टी.एम.सी. त्यातील ५३ टी.एम.सी.च्या वर उपयुक्त साठा आणि ६३ टी.एम.सी.च्या वर मृतसाठा. टक्केवारी उपयुक्त साठ्यावर काढतात. उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यातून पाणी गेले, की टक्के उणे होतात. धरण उणे ५० टक्के म्हणजे पुढच्या पावसाळ्यात पहिले २६-२७ टी.एम.सी. पाणी नुसते शून्यावर येण्यास लागणार. तोपर्यंत शेतीच्या आवर्तनाची आशा धरणे व्यर्थ.

यातूनच सर्वांत महत्त्वाचा धडा निघतो. मान्सून सोलापुरात ६ जूनला आला, पण उजनी भरले ऑगस्टमध्ये. कारण उजनी आपल्या शिवारावरच्या पावसाने भरत नाही, ते पुणे जिल्ह्यातील घाटमाथ्यावरच्या पावसाने आणि वरची धरणे भरून सांडल्यावर भरते. मान्सून आला म्हणजे कालवा आला, असे नव्हे. कालव्यावरच्या सभासदांनी दोन अंदाज वेगळे वाचावेत : शेतातल्या ओलीसाठी आपल्या जिल्ह्याचा आणि आवर्तनासाठी घाटमाथ्याचा.

पुढचे साल नेमके उलटे निघाले. २०२५ चा मे हा १९०१ पासूनचा देशातील सर्वांत जास्त पावसाचा मे ठरला. मान्सून केरळात २४ मेलाच आला आणि दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रात उतरला. म्हणजे ज्या शेतकऱ्याने २०२४ वर बेतून २०२५ चा मे धरला, त्याची उन्हाळी मशागत पावसात सापडली. गेल्या सालाची आठवण हा अंदाज नव्हे.

५. आपली विहीर मोजा

आभाळाचा आकडा खाते देईल, विहिरीचा आकडा आपणच काढला पाहिजे. त्याला यंत्र लागत नाही, २०० लिटरचे एक बॅरल आणि हातातले घड्याळ पुरते.

मोटार सुरू करून, पाणी एकसारखे पडू लागले की पाईपखाली बॅरल ठेवा. समजा ते ३६ सेकंदांत भरले. म्हणजे तासाला २०,००० लिटर. विहीर उपसेपर्यंत मोटार चार तास चालते असे धरू. दिवसाचे पाणी झाले ८०,००० लिटर.

आता पिकाची गरज. एक एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे ढोबळमानाने ४,००० लिटर. मे महिन्यात पूर्ण वाढीला लागलेला ऊस दिवसाला ८ मिलिमीटर पाणी उडवितो असे धरले, तर एकराला रोज ३२,००० लिटर. तलखी वाढून गरज १० मिलिमीटरवर गेली तर ४०,००० लिटर.

पाटाने पाणी दिल्यास काही पाटात मुरते, काही मुळांच्या खाली जाते. एक तृतीयांश पाणी असे गेले, तर ८०,००० पैकी ५३,००० लिटरच पिकाला मिळाले. ८ मिलिमीटरच्या हिशेबाने त्यात दीड एकराच्या थोडे वर भागते, १० च्या हिशेबाने सव्वा एकराच्या थोडे वर. ठिबक असेल आणि दहावा हिस्साच वाया जात असेल, तर अनुक्रमे सव्वादोन आणि पावणेदोन-एक एकर.

आणि उसाची नोंद आहे चार एकरांची!

हा हिशेब कागदावर मांडला म्हणजे कडू लागतो, पण तो आजच मांडलेला बरा. नाही तर पाणी चारही एकरांत थोडे थोडे फिरते, कोणत्याच सरीची तहान भागत नाही आणि जूनमध्ये चार एकरांत मिळून दोन एकरांचाही ऊस उरत नाही. बॅरलची ही मोजणी दर आठ दिवसांनी करावी, कारण उन्हाळा चढेल तशी विहीर उतरते.

याच मापाने पाण्याची पाळीही कळते. सरी भरून दिलेली एक भिजवणी सुमारे ८० मिलिमीटरची धरली, तर रोज ८ मिलिमीटर खर्चाने ती दहा दिवस पुरते. ११ मिलिमीटर खर्च झाला तर सातच दिवस. हलक्या जमिनीत त्याहून कमी. म्हणून "आम्ही नेहमी दहाव्या दिवशीच पाणी देतो" हा पाठ लाटेच्या दिवसांत चालत नाही.

६. कोणता प्लॉट आधी

पाणी दोन एकरांचे आणि ऊस चार एकर, तर निवड करणे भाग आहे. प्रत्येकाची जमीन वेगळी, तरी सर्वसाधारण क्रम आम्ही असा सुचवितो.

पहिला मान बेणेमळ्याचा. तो गेला तर एका सालाचे नुकसान दोन सालांवर जाते. तो सहसा दहा-वीस गुंठ्यांचा असतो, पाणीही थोडेच लागते.

दुसरा क्रम आडसाली व पूर्वहंगामी उसाचा. त्यात खत, बांधणी, मजुरी असा बहुतेक खर्च होऊन गेलेला असतो. त्याची मुळे खोल गेलेली असतात, त्यामुळे एकाआड एक सरी भिजवून तो ताण काढू शकतो.

तिसरा सुरू ऊस. जानेवारी-फेब्रुवारीची लागण एप्रिल-मेमध्ये फुटव्यात असते. या अवस्थेत ताण पडला तर फुटवे मरतात आणि पुढे कितीही पाऊस झाला तरी ते परत येत नाहीत. गाळपायोग्य उसाची संख्याच घटते. परंतु जमीन पानांनी झाकलेली नसल्याने याची एकरी गरज मोठ्या उसापेक्षा कमी असते. ठिबक असेल तर याला थोडे थोडे, पण नेमाने पाणी द्यावे.

शेवटी जुना, तुटाळ पडलेला खोडवा. सर्वांत अवघड निर्णय याचाच आहे. उभ्या पिकाचे पाणी तोडताना हात धजत नाही, हे आम्ही जाणतो. पण तिसऱ्या-चौथ्या सालचा विरळ खोडवा जगविण्यासाठी सुरू उसाचे फुटवे मारणे, हा सौदा तोट्याचा आहे. असा खोडवा वेळेत मोडल्यास निदान जनावरांचा चारा होतो. मात्र ऊस वा वाढे एकटेच चारू नये. त्यातील ऑक्झॅलेटमुळे जनावरांच्या अंगातील कॅल्शियम कमी होते. म्हणून कुट्टी करून, दुसऱ्या वैरणीत मिसळून, चुन्याची निवळी, मीठ व क्षार मिश्रणासह द्यावे. प्लॉट मोडण्यापूर्वी गटातील शेतकी कर्मचाऱ्यास कळवावे, म्हणजे नोंद दुरुस्त होईल आणि पुढील गाळपाचा अंदाजही चुकणार नाही.

७. आहे ते पाणी पुरविण्याचे उपाय

(१) पाचट जाळू नये. खोडव्यात सरीत पसरावे. मोठ्या उसाची खालची वाळलेली पाने काढून तीही सरीतच अंथरावीत.

(२) तण काढावे. तणाने प्यालेले पाणी आपल्याच हिश्शातले असते.

(३) पाटाने भिजविताना एकाआड एक सरी भिजवावी. पाणी संध्याकाळी किंवा पहाटे द्यावे. रात्रीची लाईट असली तर ती या कामी उपयोगी पडते. मात्र दारे धरणारा माणूस एकटा नसावा आणि बॅटरी बरोबर असावी.

(४) ताणाच्या काळात २ टक्के म्युरेट ऑफ पोटॅश व २ टक्के युरिया, म्हणजे १०० लिटर पाण्यात प्रत्येकी दोन किलो, यांची फवारणी दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने घ्यावी. ६ ते ८ टक्के केओलिनची फवारणी पानांवर पांढरा थर धरते, त्याने ऊन परावर्तित होऊन पाण्याचे उत्सर्जन घटते. फवारणी सकाळी लवकर वा सायंकाळी करावी, भर उन्हात कोमेजलेल्या पिकावर नव्हे.

(५) कोरड्या जमिनीत युरियाचा हप्ता टाकू नये. त्याचा बराच भाग हवेत उडून जातो आणि पीक उपाशी ते उपाशीच राहते.

(६) सुरू उसात व खोडव्यात खोडकिडीवर नजर ठेवावी. उष्ण, कोरडी हवा तिला मानवते. पोंगा ओढल्यावर सहज उपटून आला आणि त्यास घाण वास आला, तर कीड आहे असे समजावे. हलकी बाळबांधणी, आच्छादन व वेळेवर पाणी हे पहिले उपाय. ट्रायकोग्रामाची कार्डे लावायची तर सायंकाळी, पानांच्या खालच्या बाजूस लावावीत.

८. वळीव आणि मान्सून यांत गल्लत नको

मे महिन्यात दुपारनंतर ढग जमतात, वावटळ उठते, विजा होतात आणि अर्ध्या तासात सरी वाहतात. हा वळीव. तापलेली जमीन आणि समुद्रावरून आलेला थोडाबहुत दमटपणा यांतून तो जागच्या जागी तयार होतो. बांधाच्या अलीकडे चिखल होतो आणि पलीकडे धुरळा उडत असतो. म्हणून "वादळी पाऊस एक-दोन ठिकाणी" असा अंदाज असेल तर आपले शेत त्या एक-दोन ठिकाणांत धरून पाळी सोडू नये. शेजारच्या गावात पडला हेही कारण पुरेसे नाही. आपल्या शेतात पडला, तर खुरप्याने सरी उकरून ओल किती खोल गेली ते पाहावे. वीतभर खोल ओल असेल तर दोन-तीन दिवस पाणी लांबवावे. वरची माती तेवढी काळी दिसत असेल तर पाळी ठरल्याप्रमाणे द्यावी. विजा चमकत असताना झाडाखाली थांबू नये, मोटारीच्या पेटीला हात लावू नये.

वळवाबरोबर दुसरे एक काम येते. पहिल्या चांगल्या सरीनंतर हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघतात आणि सायंकाळी कडुनिंब, बाभूळ, बोर यांवर जमतात. त्या चार-आठ रात्रींत फांद्या हलवून, भुंगेरे गोळा करून रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवावेत. प्रकाश सापळेही लावावेत. एकट्याने करून भागत नाही, सबंध गावाने एकाच वेळी केले पाहिजे.

आडसालीचा निर्णय मात्र वळवावर घेऊ नये. १५ जुलै ते १५ ऑगस्ट हा लागणीचा काळ आहे, म्हणजे विचारास अवसर आहे. पाऊस लांबेल अशी धास्ती असेल तर एक डोळा पद्धतीने रोपे तयार करावीत. एका एकराची रोपे गुंठाभर जागेत, थोड्या पाण्यावर महिना-सव्वा महिन्यात लागणीला येतात. पाऊस झाला तर लागण वेळेत साधते. नाही झाला तर गुंठ्याचाच खर्च अंगावर येतो, एकराचा नाही.

९. माणसे आधी, ऊस नंतर

एवढा सगळा हिशेब उसाचा झाला. पण लाटेत सर्वांत आधी धोका माणसाला असतो. नवी मुंबईतील खारघर येथे १६ एप्रिल २०२३ रोजी उघड्या मैदानातील कार्यक्रमात उष्माघाताने माणसे दगावली, तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता. हवेत दमटपणा असला की घाम वाळत नाही आणि अंग निवत नाही. उंच वाढलेल्या, नुकत्याच भिजविलेल्या उसात नेमके असेच होते : वारा लागत नाही आणि दमटपणा कोंडतो. म्हणून पाचट काढणे, बांधणी, फवारणी ही कामे सकाळी अकरापर्यंत उरकावीत आणि दुपारी बारा ते चार शेतात कोणी राहू नये. मजुरांच्या पिण्याच्या पाण्याची व सावलीची सोय करणे ही मालकाची जबाबदारी आहे. मीठ-साखरेचे पाणी, ताक, लिंबू सरबत घोट घोट घेत राहावे. माणूस बरळू लागला, अंग तापून बेशुद्ध होऊ लागला, तर सावलीत आणून अंगावर पाणी मारावे, वारा घालावा, १०८ ला फोन करावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये. बैल-म्हशींनाही दुपारी जुंपू वा चरावयास सोडू नये.

गटवार चर्चेसाठी प्रश्न

सभासदांनी पुढील प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावीत आणि गटाच्या बैठकीत आणावीत.

(१) माझ्या मोटारीचे पाणी तासाला किती लिटर? विहीर किती तास टिकते?

(२) या पाण्यात आज किती एकर पूर्ण भिजतात? गरज १० मिलिमीटर झाली तर किती?

(३) पाणी तोडावेच लागले तर माझा पहिला प्लॉट कोणता? हे घरातील सर्वांना ठाऊक आहे काय?

(४) या गुरुवारच्या अंदाजात मध्य महाराष्ट्रासाठी पुढील दोन आठवड्यांचा कल काय दिला आहे?

(५) मान्सून वेळेवर आला, पण कालवा ऑगस्टपर्यंत आला नाही, तर माझे पाणी पुरेल काय?

पाचवा प्रश्न कठीण आहे. त्याचे उत्तर "नाही" असे आले तर लाजण्याचे कारण नाही; आपल्या भागातील पुष्कळ विहिरींचे तेच उत्तर आहे. ते मेमध्येच कळले, तर दोन एकर का होईना, नीट जगविता येतील. कोणता प्लॉट राखावा याबद्दल शंका असल्यास बॅरलची मोजणी लिहून गट कार्यालयात यावे. शेतकी विभागातील आम्ही मंडळी बांधावर येऊन, तुमच्याबरोबर बसून तो हिशेब करू.